नावडत्या भावंडांची बाजू

उन्हाळी शिबिरात मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हे ठरविण्यासाठी आमच्या भागातील एका धर्मग्रामात भरलेल्या बैठकीला मी यंदा उपस्थित होतो. 'कोई... मिल गया' हे नाव निघताच सर्वांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. मी हळूच सुचविले की, शिबीर तीन शनिवारांचे आहे, तर त्याचे पुढचे दोन भागही दाखवावेत. त्यावर जे हसू उमटले ते मी अजून विसरलेलो नाही. एक भगिनी म्हणाल्या, "सर, पहिला तेवढा घरच्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखा. पुढे नुसता मुखवटा नि मारामारी." दुसरे एक सद्गृहस्थ म्हणाले, "तिसरा भाग म्हणजे पैशासाठी काढलेला तमाशा." ठराव एकमताने मंजूर झाला, म्हणजे माझे मत सोडून एकमताने. बैठकीत मला दोन मिनिटांहून अधिक बोलता आले नाही. राहिलेले बोलणे या पानांवर करीत आहे.

प्रथम ज्या वाचकांना ही मालिका नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. राकेश रोशन यांनी मुंबईत निर्माण केलेल्या या तीन चित्रपटांपैकी पहिला 'कोई... मिल गया' ऑगस्ट २००३ मध्ये आला, दुसरा 'क्रिश' जून २००६ मध्ये आणि तिसरा 'क्रिश ३' नोव्हेंबर २०१३ मध्ये. रोहित मेहरा हा बुद्धीची वाढ खुंटलेला तरुण, परग्रहावरून आलेला जादू, त्याच्या स्पर्शाने रोहितला लाभलेली शक्ती, पुढे त्याचा मुलगा कृष्णा, आणि शेवटी त्याच रोहितच्या अंशातून प्रयोगशाळेत जन्मलेला काल, अशी ही तीन पावलांची कथा आहे. पहिल्या भागाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, फिल्मफेअर मिळाले, आणि वीस वर्षे पूर्ण झाली म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. तिसऱ्याने तिकीटखिडकीवर भरपूर पैसा मिळविला खरा, परंतु प्रेम मिळविले नाही. पाहिला सर्वांनी, आवडला असे मात्र कोणी उघडपणे म्हणत नाही. लग्नघरी भरपेट जेवून बाहेर पडल्यावर आमटीला नावे ठेवणारे पाहुणे असतात, त्यातलाच हा प्रकार.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. 'क्रिश ३' मध्ये जाहिरातींची घुसखोरी आहे. गाणी कथेच्या पायात येतात. विवेक ओबेरॉय यांचे लोखंडी चिलखत अमेरिकी चित्रपट पाहणाऱ्या कोणत्याही मुलाला ओळखीचे वाटेल, आणि रूप पालटणारी काया पाहून तोच मुलगा 'एक्स-मेन'चे नाव घेईल. लांब जिभेचा तो प्राणी लहान मुलांना रात्री झोपू देणार नाही, हेही मान्य. आठ वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये, असे मी स्वतःच म्हणेन.

परंतु उसनवारीचाच हिशेब मांडायचा तर तो पहिल्या भागापासून मांडावा लागेल. परग्रहावरचा चिमुकला पाहुणा, त्याला लपविणारी मुले, मागे लागलेले मोठ्यांचे जग, हे सारे स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९८२ च्या 'ई. टी.'मध्ये होते. त्याच्याही आधी सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. तो चित्रपट निघालाच नाही, आणि 'ई. टी.' आल्यावर त्या साम्याची चर्चा बराच काळ होत राहिली. जाहिरातींचे म्हणाल, तर पहिल्या भागात बोर्नव्हिटाचा डबा किती वेळा दिसतो ते मोजण्याचा खेळ आमच्या घरी झालेला आहे. मग पहिल्याला ते सारे माफ आणि तिसऱ्याला फाशी, हा न्याय कुठला? पहिल्या मुलाचे सगळे हट्ट पुरवायचे आणि धाकट्याने तेच केले की त्याला छडी द्यायची, असे घरात चालते हे मला ठाऊक आहे. चालते म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दृश्यचमत्कृती 'खोटी' दिसते, या आक्षेपाचे तर मला हसू येते, आणि तो खालापूर तालुक्यात ऐकला की अधिकच येते. चौकजवळ हातनोलीला नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला स्टुडिओ आपल्या दारात आहे. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला तिथेच उभा राहिला. प्लायवूड आणि प्लास्टर यांचा राजवाडा कसा होतो, हे आपल्याकडच्या लोकांनी जवळून पाहिले आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'च्या खेळात बसून आपण आनंदाने किंचाळतो. तिथे कोणी "हे खरे नाही" म्हणत नाही. 'क्रिश ३' ची दृश्ये मुंबईतल्याच रेड चिलीजच्या कलाकारांनी केली. मुंबईच्या आकाशातले ते विमान, पुढचे चाक अडकलेले, आणि त्यापुढे धावणारा मुखवट्याचा माणूस, हे आपल्या माणसांनी आपल्या शहरासाठी रचले, याचे कौतुक कोणी केले?

असो. हे झाले वरवरचे. मला जे खरोखर सांगायचे आहे ते एका घरातले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा नातू चौदा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचे पाय चालत नाहीत, उजवा हात थोडा चालतो, बुद्धी मात्र आमच्या सर्वांहून तल्लख. तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला कौतुकाने 'कोई... मिल गया' दाखविला. हा चित्रपट तर अपंग मुलाचाच, त्याला आवडेल, असा आमचा हिशेब. त्याला आवडलाही. जादूचे निळे बोट त्याने कितीदा तरी वहीत काढले. मग एके संध्याकाळी, बाहेर पाऊस पडत होता आणि कर्जतची गाडी पळसदरीला अडकल्यामुळे त्याचे वडील घरी यायचे होते, तेव्हा त्याने मला विचारले, "आजोबा, माझा जादू कधी येणार?"

मला उत्तर देता आले नाही. पस्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या माणसाला एका मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची लाज त्या दिवशी वाटली.

त्या रात्री माझ्या लक्षात आले की, ज्या चित्रपटाला आपण इतके सोज्वळ मानतो, त्याच्या पोटात एक कठोर गोष्ट आहे. रोहितची आई गरोदर असताना झालेल्या अपघातामुळे रोहित तसा जन्मला. त्याला शाळेत हिणवतात, वर्गातून बाहेर काढतात, आणि आपले डोळे भरून येतात. पण चित्रपट त्याला तसाच ठेवून त्याच्यावर प्रेम करीत नाही. तो त्याला बरा करतो. बरा झाल्यावरच तो नाचतो, खेळात जिंकतो, नायिकेच्या योग्य ठरतो. शेवटी जादू निघून जातो, रोहित पुन्हा पूर्वीसारखा होतो, आणि मला वाटले, आता हा चित्रपट धीट होणार, आता त्याला आहे तसा स्वीकारणार. तो धीर काही क्षणच टिकतो. जादू दुरूनच शक्ती परत पाठवितो आणि सारे गोड होते. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. माझ्या बहिणीच्या नातवाकडे मात्र कोणी काही पाठविलेले नाही.

हा पहिल्या भागावर राग नव्हे. लहान मुलाला दिलेले ते एक सुंदर स्वप्न आहे, आणि रेखा यांनी उभी केलेली आई मी विसरू शकत नाही. माझा मुद्दा एवढाच की, स्वप्न दाखवून थांबलेल्या कथेला पुढे जाऊन त्याची किंमत विचारण्याचे काम त्या दोन 'वाईट' भागांनी केले. ते काम अप्रिय असते. म्हणून तेही अप्रिय झाले.

'क्रिश'चेच पाहा. जादूने दिलेल्या बुद्धीचे पुढे काय झाले? नसीरुद्दीन शाह यांचा डॉक्टर आर्य रोहितला भविष्य दाखविणारे यंत्र बनवावयास लावतो, आणि त्या यंत्राची किल्ली म्हणून रोहितचे डोळे आणि हृदयाचे ठोके लागतात म्हणून त्याला जिवंत कोंडून ठेवतो. घरच्यांच्या लेखी तो मेलेला. ज्या देणगीसाठी आपण टाळ्या वाजविल्या तीच त्याची बेडी झाली. आजी नातवाला घेऊन डोंगरात जाते, कारण तिला कळून चुकले आहे की, जग असामान्य मुलाला जवळ घेईल ते त्याचा उपयोग करून घेण्यासाठीच. आपल्या वाडीवस्त्यांतून हुशार मुले शहरात गेली आणि परत आली ती काय होऊन आली, हे ज्या आजींनी पाहिले आहे त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही. आणि मुखवट्याची गोष्ट घ्या. कृष्णा मुखवटा घालतो तो मिरविण्यासाठी नव्हे, आजीला दिलेला शब्द मोडू नये म्हणून. सर्कशीच्या आगीतून मुलांना वाचविल्यावर बक्षीस जाहीर होते, तेव्हा ते श्रेय तो मित्र क्रिस्टियनला घेऊ देतो, कारण त्या मित्राच्या धाकट्या बहिणीच्या उपचाराला पैसे हवे आहेत. "नुसता मुखवटा नि मारामारी" म्हणणाऱ्या भगिनींनी हा प्रसंग पुन्हा एकदा पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता तिसऱ्याकडे येतो, कारण खरा खटला त्याच्यावरच आहे.

काल हा मानेखाली लुळा आहे. दोन बोटे तेवढी हलतात. पुढे कळते की, सिंगापुरात कोंडलेल्या रोहितच्या अंशातून आर्यने एक बाळ निर्माण केले होते. शक्तिमान मूल व्हावे म्हणून केलेला तो प्रयोग. बाळ अपंग जन्मले. प्रयोग 'फसला' म्हणून ते अनाथालयात टाकून देण्यात आले. तोच हा काल. ज्याला तो आयुष्यभर शोधतो आहे तो त्याचा बाप, आणि ज्याला तो मारू पाहतो तो त्याचा भाऊ.

अपंग माणसालाच खलनायक केले, हा येथे घेतला जाणारा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. हिंदी चित्रपटांनी लंगडा, काणा, कुबडा म्हणजे दुष्ट, असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालविले, त्याचे भोग आमच्या घरातल्या मुलाने शाळेच्या मैदानात भोगले आहेत. 'क्रिश ३' त्या दोषातून सुटत नाही. परंतु पहिल्या भागाहून एक गोष्ट तो अधिक प्रामाणिकपणे सांगतो: दोष बाळाच्या पायांत नव्हता, त्याला मोजून नापसंत करणाऱ्या डोळ्यांत होता. हवे तसे मूल मागवायचे आणि तसे आले नाही तर परत करायचे, या वृत्तीबद्दल आपल्या ख्रिस्तसभेने १९८७ मध्येच 'डोनुम विते' या पत्रकात बजावले होते की, मूल ही देणगी आहे, मालकीची वस्तू नव्हे, आणि प्रयोगशाळेतला गर्भ म्हणजे वापरून टाकण्याचा माल नव्हे. ते पत्रक आपल्यापैकी किती घरांत वाचले गेले? माझ्या घरात तरी वाचले गेले नव्हते. पण तोच प्रश्न मारामारीच्या आणि चिलखताच्या आत गुंडाळून एका हिंदी चित्रपटाने लाखो मुलांपुढे ठेवला, आणि आपण म्हणालो, तमाशा.

कालने घडविलेली 'मानवरे' घ्या. मानव आणि जानवर यांची ही गाठ. शब्द मला तरी आवडला. त्यांतली काया हुकमासाठी जन्मलेली. प्रियाचे रूप घेऊन ती कृष्णाच्या घरात शिरते आणि त्या घरातल्या साध्या मायेने तिचे आतून काही हलते. तिने तिथे पाहिले काय? वरण-भात वाढणारे एक घर, वेंधळा म्हातारा सासरा, नवऱ्याची काळजी. तेवढ्याने ती धन्यावर उलटते आणि त्यासाठी मरते. कंगना राणावत यांच्या पोशाखावर बैठकीत बरीच चर्चा झाली; त्या मरणावर झाली नाही.

साथीचे प्रकरणही तसेच. कालची कंपनी रोग पसरविते आणि औषध विकते. आधी नामिबियात, मग मुंबईत. २०१३ मध्ये रस्त्यावर कोसळणारी माणसे पाहून आपण म्हणालो, काहीतरीच. २०२० मध्ये लोकल बंद पडल्या, खोपोलीचा फलाट ओस पडला आणि औषधाच्या दुकानापुढे रांगा लागल्या, तेव्हा मला तो चित्रपट आठवला. ती साथ कोणी मुद्दाम पसरविली, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. असल्या गप्पांनी त्या काळात पुरेसे नुकसान केले आहे. मी म्हणतो ते एवढेच की, आजारातून नफा काढणाऱ्यांची भीती ज्यांना २०१३ मध्ये पोरकट वाटली, त्यांनी ती आज पुन्हा तपासून पाहावी.

आणि रोहित. तिसऱ्या भागात तो म्हातारा शास्त्रज्ञ आहे, आजही लहान मुलासारखाच बोलतो. सूर्यकिरणांनी मृत पेशी जिवंत करण्याचे यंत्र तो बनवीत असतो, पण शक्तीचा लोट आवरत नाही आणि समोरची वस्तू फुटून जाते. खोपोलीकरांना हे समजावे लागत नाही. डोंगरावरून प्रचंड नळांतून उतरणारे पाणी १९१५ पासून टाटांच्या वीजगृहात वीज करते. तेच पाणी आवर न घालता सोडले तर गाव वाहून जाईल. रोहितच्या यंत्राला तो आवर सापडत नाही. कालने कृष्णाला ठार केल्यावर त्याला एकच उपाय दिसतो: आपणच मध्ये उभे राहायचे, सारा लोट आपल्या अंगावर घ्यायचा आणि मुलापर्यंत त्याला सोसवेल तेवढाच जाऊ द्यायचा. मुलगा उठतो, बाप जातो. पहिल्या भागात आकाशातून फुकट मिळालेली शक्ती तिसऱ्या भागात एका देहाची किंमत घेऊन पुढे जाते. ऋतिक रोशन यांनी या वृद्ध रोहितचे जे काम केले आहे ते तिन्ही चित्रपटांतले सर्वोत्तम होय, असे माझे मत आहे, आणि ते मी कोणत्याही बैठकीत मांडावयास तयार आहे.

तिसऱ्या भागाचे आणखी एक सांगणे आहे, की जो कोणी दुसऱ्याच्या मदतीला धावतो तो क्रिशच. हे वाक्य मलाही पूर्वी शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या सुविचारासारखे वाटे. मग १९ जुलै २०२३ ची रात्र आली. इर्शाळगडाच्या कुशीतली आपल्याच तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. वर रस्ता नाही, यंत्रे जाईनात, पावसामुळे हेलिकॉप्टर उतरेना. माणसे चिखलातून पायी चढली आणि फावड्याने, हाताने माती उपसू लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी मदतीला चढतानाच हृदयविकाराने गेला. चौकच्या बाजूने वर जाणाऱ्या त्या रांगेत आमच्या धर्मग्रामातले तीन तरुणही होते. त्यांतल्या एकाच्या अंगात क्रिशचे चित्र असलेला जुना, विटलेला सदरा होता. तो काही त्या चित्रपटामुळे चढला असे मी म्हणणार नाही. सकाळी हाताला लागला तो सदरा त्याने घातला असेल. पण तेव्हापासून त्या वाक्याला मी हसत नाही.

बहिणीच्या नातवाने तिसरा भाग पाहिला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी घाबरलो होतो. कालला पाहून त्याला काय वाटेल? चित्रपट संपला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, त्याला अनाथालयातून रोहितकडे कोणी नेलं असतं, तर पिक्चरच झाला नसता." आणि थोड्या वेळाने, "दोन बोटांनी केवढं करत होता, नाही?" जादू कधी येणार, हे त्याने त्यानंतर मला विचारलेले नाही. ते वयामुळे की चित्रपटामुळे, हे मला सांगता येणार नाही.

चौथा भाग येतो आहे. ऋतिक रोशन स्वतःच त्याचे दिग्दर्शन करणार, असे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. तो आला की लोक पुन्हा म्हणतील, पहिल्याची सर नाही. शिबिराची दुसरी बैठक येत्या रविवारी मिस्सानंतर आहे आणि मी विषय पुन्हा मांडणार आहे. तिन्ही तबकड्या माझ्याकडे आहेत, प्रक्षेपक शाळेतून मागून आणता येईल. सभागृहाच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, त्यावर फळी टाकावी लागेल; तेवढी सोय समितीने करावी.